अकरा जणांची माफी

मी जिंतूरचा. तिथली शाळा सातवीपाशी संपायची, म्हणून वडिलांनी मला परभणीला मावशीकडं आणून टाकलं. मावशीच्या यजमानांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, आणि दोहोंच्या मधे पोत्यांची थप्पी. त्या थप्पीआड माझी वळकटी, पत्र्याची पेटी आणि कंदील. पेंडीचा उग्र, तेलकट वास तेव्हा माझ्या अंगाला इतका चिकटलेला असायचा की वर्गात मी येऊन बसलो की पुढच्या बाकावरची पोरं न वळता सांगायची, मन्मथ आला. सकाळी जिनिंगचा भोंगा व्हायचा, त्याच्या मागोमाग मावशीच्या पूजेची घंटी. मावशी स्नान करून, कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन बसली की घरात कुणी बोलायचं नाही. पूजा झाल्याशिवाय चुलीला हात नाही. मग सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना लसूण-मिरचीची फोडणी. दुपारी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर करडईचं कच्चं तेल. ती भाजी मला आजही कुणी वाढली तर मी नको म्हणत नाही, पण मावशीच्या हातची म्हणजे अगदी जिभेला झिणझिण्या आणणारी. मावशी माया करायची नाही, वाढायची मात्र पोटभर.

राज्य निजामाचं, शिकणं उर्दूत. शाळेला जाताना शेरवानी आणि लाल रुमी टोपी घालावी लागे. घरी आलो की ती शेरवानी बाहेर पडवीतल्या खुंटीला अडकवायची, हातपाय धुवायचे, मगच उंबरा ओलांडायचा, असा मावशीचा दंडक होता. मला त्यात वावगं काही वाटत नसे. मला वाटे, सगळ्या घरांतून असंच असतं. उर्दू अक्षर मात्र माझं सुरेख होतं. सदर मुदर्रिस, म्हणजे आमचे हेडमास्तर, माझी वही हातात घेऊन दुसऱ्या वर्गांत दाखवायचे. हैदराबादेहून आलेला मोठा अदबशीर माणूस. आवाज कधी चढायचा नाही. चपराशालाही 'आप' म्हणायचे.

नववीच्या वर्षी आमच्या वर्गात याकूब आला. त्याचा बाप खजिन्यावरच्या पहाऱ्याचा जमादार, हैदराबादेहून बदलून आलेला. ते लोक सिद्दी. त्यांचे पणजे-खापरपणजे आफ्रिकेतून आणलेले, निजामाच्या घोडदळात राहिलेले. याकूब बोलायचा आमच्यासारखाच, किंबहुना त्याची दखनी आमच्यापेक्षा गोड. पण रंग काळाभोर, केस बारीक कुरळे, ओठ जाड. पहिल्या दिवशी तो दारात उभा राहिला आणि सगळा वर्ग वळून बघू लागला. मग कुणीतरी फुसकन हसलं. तोही हसला आणि शेवटच्या बाकावर रंगनाथशेजारी जाऊन बसला.

रंगनाथ पेडगावचा, शेतकऱ्याचा मुलगा. आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, ओठांवर मिसरूड आलेलं. गावात खोली घेऊन राहायचा, स्वतः भाकरी थापायचा. गणितात त्याच्याशी कुणाची बरोबरी नव्हती. बोलणं अगदी रानातलं, त्यामुळं मास्तर लोक त्याला हसत. तो हसण्याकडं लक्ष देत नसे. मी देत असे. मला कुणी हसलेलं सहन होत नव्हतं, म्हणून मी नेहमी हसणाऱ्यांच्या बाजूला असायचो.

भूगोल शिकवायला गोविंदराव मास्तर होते. गोरे, घारे, डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं. शिकवायचे चांगले, आणि त्यांच्या तासाला पोरं कंटाळत नसत, कारण रोज कुणाची ना कुणाची ते फजिती करत. आफ्रिकेचा धडा आला त्या दिवशी त्यांनी नकाशा टांगला, तर तो वाळवीनं खाल्लेला, मधोमध भोक. मास्तर म्हणाले, नकाशा फाटका असला म्हणून काय झालं, नमुना आपल्याकडं ताजा आहे. त्यांनी याकूबला पुढं बोलावलं, मेजावर उभं केलं आणि रूळ घेऊन त्याच्या ओठांची जाडी मोजली, नाकाची रुंदी मोजली, आकडे फळ्यावर लिहिले. मग म्हणाले, प्रत्येकानं यावं आणि केसांना हात लावून पाहावा, परीक्षेत विचारीन. आम्ही रांग लावली. याकूब मान खाली करून वाकला, म्हणजे आमचा हात पोचावा. तो हसत होता. तो हसतोय म्हणजे त्याला काही वाटत नसावं, असं मी मनाशी धरून चाललो. मी हात लावला. मला वाटलं होतं, तारेसारखे टोचतील. मऊ निघाले, कोकराच्या अंगासारखे. माझ्या मागे रंगनाथ होता, त्यानंही लावला.

त्या दिवसापासून याकूबचं नाव नमुना पडलं. नळावर, मैदानात, प्रार्थनेच्या रांगेत, सगळीकडं नमुना. आठवड्याभरानं मास्तरांनी आठवीच्या वर्गाला आमच्या वर्गात आणलं आणि याकूबला पुन्हा मेजावर चढवलं. या वेळी तो हसला नाही. रूळ ओठांपाशी आला तेव्हा त्यानं तो धरला, आणि सोडेना. मास्तरांनी ओढला, त्यानं सोडला नाही. मग मास्तरांनी त्याच्या कानशिलात मारली. टोपी उडून खाली पडली. ती उचलायला तो मेजावरून उतरला तेवढ्यात कुणीतरी तिला लाथ मारली. ती दुसऱ्याच्या पायात गेली, त्यानं तिसऱ्याकडं ढकलली, आणि मग सगळ्या वर्गभर ती टोपी पायापायांतून फिरू लागली. याकूब तिच्यामागं वाकून, रांगत, बाकांखालून. माझ्याकडं आली तेव्हा मीही ढकलली. मास्तर खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत होते आणि त्यांच्या गालावर हसू होतं, ते मला बाजूनं दिसत होतं. शेवटी टोपी रंगनाथपाशी गेली. त्यानं पाय ठेवून ती थांबवली, उचलली, बाहीनं पुसली आणि याकूबच्या हातात दिली. मग तो जागेवर बसला आणि तासभर वहीत काही लिहिलं नाही.

संध्याकाळी रंगनाथ दुकानावर आला. मावसा गिऱ्हाईकात होते. पोत्यांआड बसून त्यानं मला सांगितलं, "मन्मथ, तुझं अक्षर चांगलं हाय. एक अर्ज लिहायचा. मास्तरनं भर वर्गात याकूबची माफी मागावी, येवढंच."

मी म्हणालो, हात तर आपणही लावला.

"लावला की. म्हणूनच लिहायचा."

मी लिहिला. खरं सांगायचं तर याकूबसाठी लिहिला नाही. माझं अक्षर सदरसाहेबांच्या टेबलावर जाईल, ते वाचतील, त्यांना कळेल की अर्जाची भाषा किती शुद्ध आहे, हे माझ्या डोक्यात होतं. चांगल्या कागदावर, बोरूनं, एकही खाडाखोड न करता मी ते पान उतरवलं. अकरा जणांनी सह्या केल्या. याकूबला आम्ही दाखवला नाही. तशी आठवणच कुणाला झाली नाही.

आठ दिवस काही झालं नाही. मग रंगनाथ म्हणाला, भूगोलाच्या तासाला बसायचं नाही. आम्ही अकरा जण त्या तासाला उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसलो. तीन दिवस बसलो. मला ते दिवस फार आवडले, हे कबूल करतो. दुसऱ्या वर्गांतली पोरं खिडकीतून बघायची, आणि आपण कुणीतरी आहोत असं आयुष्यात पहिल्यांदा वाटायचं. याकूब मात्र आत, त्याच मास्तरांसमोर, शेवटच्या बाकावर एकटा बसलेला असायचा. त्याला बाहेर यायची सोय नव्हती. सरकारी जमादाराचा मुलगा होता तो.

चौथ्या दिवशी सदरसाहेबांनी बोलावणं धाडलं. एकेकाला आत घ्यायचे. खोलीत खसाचा, म्हणजे वाळ्याचा, पडदा, त्यावर पाणी मारलेलं, गार सुगंध. मला त्यांनी बसायला सांगितलं. अर्ज समोर होता. अक्षराची तारीफ केली. मग अगदी मायेनं विचारलं, बेटा, त्या मुलाच्या केसांना तू हात लावलास का? मी लावला म्हणालो. टोपीला पाय? ते थांबले. मी हो म्हणालो. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, हेच लिही, याच सुरेख अक्षरात. मी लिहिलं. बाकीच्या दहाही जणांकडून त्यांनी तसंच लिहून घेतलं. मास्तरांचं नाव एकाही कागदावर आलं नाही, कारण ते कुणी विचारलंच नव्हतं. फक्त रंगनाथनं बाहेर आल्यावर सांगितलं की, तो लिहून देताना बोलला, मपलं चुकलं ते मी लिहून देतो, पण मास्तरचं कवा लिहायचं? त्यावर साहेब हसून म्हणाले होते, इन्साफ होईल.

इन्साफ गुरुवारी झाला. सगळी शाळा मैदानात बसवली. भूगोलाच्या वर्गातलं तेच मेज बाहेर आणून मधोमध ठेवलं होतं, आणि त्यावर याकूबला उभं केलं. धुतलेली शेरवानी, तेल लावून चापून बसवलेले केस. बाजूला त्याचा बाप गणवेशात, छातीवर पितळी बिल्ला. पुढच्या खुर्च्यांवर मास्तर मंडळी, त्यांत गोविंदराव पायावर पाय टाकून. सदरसाहेब बोलले. आवाज नेहमीसारखाच हळू. म्हणाले, मदरसा, म्हणजे आपली शाळा, हे एक घर आहे, आणि या घरातल्या अकरा मुलांनी आपल्या भावाची बेअदबी केली, तसं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं आहे. आता ते एकेक करून येतील, याकूबला सलाम करतील आणि म्हणतील, मैं शर्मिंदा हूँ.

आम्ही रांग लावली. पहिला गेला, दुसरा गेला. तिसऱ्याच्या वेळी पाठीमागून हसू फुटायला लागलं. कारण रांग तीच, मेज तेच, आणि आम्ही वर बघून हात उचलत होतो तसेच. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, नमुना. मग ते बसलेल्या पोरांतून इकडून तिकडं गेलं. सदरसाहेबांनी ऐकलं. त्यांनी मान वळवली नाही. याकूबचे हात शेरवानीच्या शिवणीवर घट्ट दाबलेले होते आणि तो कुणाकडंच बघत नव्हता.

चौथा रंगनाथ. तो मेजापाशी गेला, याकूबकडं बघितलं, मग त्याच्याकडं पाठ न करता बाजूला सरकला आणि खुर्च्यांकडं तोंड करून उभा राहिला.

"मास्तर, अगोदर तुमी," तो म्हणाला. "मंग आमी समदे."

गोविंदराव मास्तरांनी पायावरचा पाय खाली घेतला. मला क्षणभर वाटलं की ते उठणार. त्यांनी उपरणं सारखं केलं आणि पुन्हा पायावर पाय टाकला. सदरसाहेबांनी चपराशाला बोटानं खूण केली. दोन चपराशांनी रंगनाथचे हात ताणून धरले आणि तिसऱ्यानं वेत चालवला. साहेब मोजत नव्हते, त्यामुळं चपराशाला कुठं थांबायचं ते कळेना. तो प्रत्येक फटक्यानंतर त्यांच्याकडं बघायचा. साहेब याकूबच्या बापाशी काहीतरी बोलत होते. रंगनाथ ओरडला नाही, पण शेवटी शेवटी त्याच्या नाकातून एक आवाज येऊ लागला, ओझं चढणीवर नेताना बैलाच्या नाकातून येतो तसा. हाताची बोटं वांग्यासारखी झाली. मग त्याला फाटकाबाहेर नेऊन सोडलं. त्याच दिवशी त्याचं नाव कमी झालं, आणि दाखल्यावर असा शेरा बसला की राज्यातल्या दुसऱ्या कुठल्या शाळेनं त्याला घेतलं नाही. त्याचा बाप बैलगाडी जुंपून आला होता. सदरसाहेबांच्या दारात दोन दिवस बसला. साहेबांनी त्याला पाणी पाजलं, 'आप' म्हणाले, आणि परत पाठवलं.

रंगनाथ पुढं शेतीच करत राहिला. खूप वर्षांनी, मी स्वतः हेडमास्तर झालो तेव्हा, जिंतूरच्या एसटी स्टँडवर तो मला भेटला. उजव्या हाताची दोन बोटं त्याला नीट मिटता येत नव्हती. त्यानं ना माझी चौकशी केली, ना जुनं काही उगाळलं. एवढंच विचारलं की याकूब कुठं हाय, काही कळलं का. मी नाही म्हणालो. मग त्याची गाडी लागली.

त्या दिवशी रंगनाथनंतर दोघे गेले, आणि मग माझी पाळी आली. रांगेतून निघून जाता आलं असतं. मी गेलो नाही. पाय आपोआप पुढं चालले. मी सलाम केला आणि मैं शर्मिंदा हूँ म्हणालो, तेही शुद्ध उच्चारात. याकूब सलाम घ्यायला वाकल्यासारखा वाकला. त्याचं तोंड माझ्या कानाशी आलं.

"अर्जी तेरे हातकी थी ना?" तो म्हणाला. "मेरेकू एक बार पूछा तू?"

मी पुढं सरकलो. मागचा पुढं आला. अकराही संपल्यावर, म्हणजे दहा, सदरसाहेबांनी जमादाराला सगळ्यांदेखत विचारलं, आप मुतमईन हैं? तुमचं समाधान झालं ना? जमादारानं टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. जी हुजूर, म्हणाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ही बातमी माझ्याआधी दुकानात पोचली होती. मावसा रागीट नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी मला पेंड फोडायच्या दांडक्यानं मारलं. रंगनाथ मार खाऊन गेला याचं त्यांना काही नव्हतं, टोपीचं तर नाहीच. लिंगधारी घरातलं पोर शिद्द्याच्या पोरापुढं वाकलं, एवढंच ते म्हणत होते. मावशीनं मला परसात नेऊन गार पाण्यानं दोनदा न्हाऊ घातलं, कपाळभर विभूती फासली, आणि रात्रीचं जेवण नेहमीसारखंच पोटभर वाढलं. मी जेवलो. भूक लागली होती.

दुसऱ्या आठवड्यापासून याकूब वर्गात दिसेना. कुणी विचारलंही नाही. गोविंदराव मास्तर आफ्रिका संपवून ऑस्ट्रेलियावर आले. मला मात्र त्याचं ते वाक्य सुटत नव्हतं. भाकरी मोडताना, गणित सोडवताना, मधेच कानाशी यायचं. एके दिवशी भूगोलाचा तास चुकवून मी पहाऱ्याच्या शिपायांच्या वस्तीत गेलो. मनाशी ठरवलं होतं, खरी माफी मागायची, कुणी सांगितल्यावाचून.

दारावर गोणपाटाचा पडदा होता. याकूबची आई बाहेर आली. ठेंगणी, हात पिठानं भरलेले. मी त्याच्या वर्गातला म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. तिनं बाज झटकून मला बसवलं. शाळेतलं कुणी त्या घरी पहिल्यांदाच आलं होतं. छुट्टी जल्दी हुई क्या बाबा, तिनं विचारलं, याकूब तो आया नै अबी. तेव्हा मला कळलं की तो रोज सकाळी दप्तर घेऊन घरातून निघतो. तिला काहीच ठाऊक नव्हतं. नाही, एक ठाऊक होतं. नवऱ्यानं तिला सांगितलं होतं की शाळेत मोठा जलसा झाला.

"मेरे याकूबकू मेजपो खडा करके लडके सब आके सलाम करे कते," ती म्हणाली. "तुम बी करे क्या बाबा?"

मी मान हलवली. तिनं दोन्ही हातांनी माझ्या चेहऱ्यावरून ओवाळल्यासारखं केलं आणि कडाकडा बोटं मोडली. मग आत जाऊन पितळी वाटीत शेवयांची खीर घेऊन आली. गरम होती, वर खोबऱ्याचे काप. मी म्हणालो, पोट भरलंय. ती आग्रह करू लागली. मी वाटीकडं बघत राहिलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्यात चालत नाही.

तिचा हात थांबला. राग नव्हता. हौ बाबा, मैं भूल गई, असं म्हणून तिनं वाटी पदराआड घेतली, जणू तिनंच काही चुकीचं समोर आणलं होतं. मग अंगणातल्या पेरूच्या झाडाकडं बोट केलं. म्हणाली, झाडका तो चलता ना? मैं हात बी नै लगाती. तुम तोड लेव.

मी उठून एक पेरू तोडला. पिकलेला, पिवळाधमक. ती लांब उभी राहून बघत होती. मी सलाम केला आणि निघालो. याकूबला काही सांगायचंय का, असं तिनं मागून विचारलं. मी काही नाही म्हणालो.

वस्तीच्या टोकाला नाला होता. तिथं आल्यावर मावशी मला आठवली, परसातलं ते गार पाणी आठवलं, आणि मी पेरू नाल्यात फेकला. वर बघितलं तर पलीकडच्या काठावर, चिंचेच्या बुडाशी, मांडीवर दप्तर घेऊन याकूब बसलेला. शाळा सुटायच्या वेळेपर्यंत तो तिथं बसत असणार. त्या वस्तीत पेरूचं झाड एकच होतं, त्याच्या घरचं. त्यानं नाल्यातल्या पेरूकडं बघितलं, मग माझ्याकडं. आमच्यात दहा पावलांचं अंतर असेल. मी ज्यासाठी आलो होतो ते बोलायला त्यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. मी वळलो आणि दुकानाच्या दिशेनं चालू लागलो. आधी सावकाश, मग भरभर.